तेल, पाणी आणि उसाचा चोथा

उसाचं कांडं दातांनी सोलून खाल्लेल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. रस संपतो, पण तोंडात उरलेलं काही केल्या संपत नाही. कितीही चावा, त्याचा घास होत नाही, शेवटी चोथा थुंकावाच लागतो. रसवंतीवर त्याचं चिपाड होतं, साखर कारखान्यात बगॅस. आपल्या जबड्याला आणि पोटाला दाद न देणारा त्यातला एक मोठा घटक म्हणजे लिग्निन. कोरड्या चोथ्यात ते साधारण पाचवा हिस्सा असतं, नारळाच्या काथ्यात तर ४० टक्क्यांच्या आसपास.

आज या लिग्निनची गाठ मिसळीच्या तर्रीशी घालून द्यायची आहे.

मिसळीच्या वाटीत चमचा जोरात फिरवून पाहा. वरची लाल तर्री फुटते, तिचे थेंब रश्श्यात खाली जातात, थोडा वेळ पोहतात. चमचा थांबला की दोन थेंब जवळ येतात, क्षणभर एकमेकांना टेकून राहतात आणि टचकन एक होतात. मग तो मोठा थेंब तिसऱ्याला गिळतो. पाव मोडेपर्यंत तर्री पुन्हा वर आलेली असते. मिसळीत हे हवंच असतं, पण क्रीममध्ये, भिंतीच्या रंगात किंवा फवारणीच्या औषधात असं झालं तर माल फुकट गेला.

थेंबांना एक होण्याची एवढी घाई का? तेल आणि पाणी जिथे भिडतात त्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरला ऊर्जेची किंमत मोजावी लागते. म्हणून ती सीमा जितकी लहान तितकं बरं, असा निसर्गाचा कल असतो. आता हिशोब करू. १०० मिली तेलाचा एकच गोळा केला तर त्याचा पृष्ठभाग साधारण तळहाताएवढा भरतो. तेच तेल १० मायक्रॉन व्यासाच्या थेंबांत फोडलं, म्हणजे केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढे थेंब केले, तर त्यांची संख्या जाते १९ हजार कोटींच्या घरात. सगळ्यांचा पृष्ठभाग मिळून ६० चौरस मीटर होतो, म्हणजे जवळपास साडेसहाशे चौरस फूट. पेलाभर तेलानं एका वन बीएचकेची फरशी झाकण्याएवढी सीमा अंगावर घेतली. ती कमी करायला ते धडपडणारच.

असं एका द्रवात दुसऱ्या द्रवाचे थेंब पसरलेलं मिश्रण म्हणजे इमल्शन. पारिभाषिक मराठीत त्याला पायस म्हणतात, पण पायस म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे खीर येते, म्हणून इथे इमल्शनच म्हणू. दूध हे इमल्शन आहे, अंगाला लावायचं लोशनही. आणि ते मोडण्यासाठी आपल्याकडे आधीपासून नेमकं क्रियापद आहे: फुटणं.

इमल्शन फुटू नये म्हणून नेहमीचा उपाय साबणाच्या जातीचा. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्यात रमतं, दुसरं तेलात. असे रेणू थेंबाभोवती दाटीनं उभे राहिले की थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. पण या रेणूंची पकड फार घट्ट नसते. ते सीमेवर येतात, सुटतात, परत येतात, एसटी स्टँडवरच्या गर्दीसारखे. शिवाय त्यांतले बरेचसे पेट्रोलियमपासून बनतात आणि काही त्वचेला झोंबतात.

दुसरा उपाय जुना आहे, आणि त्याची गोष्ट शेतातली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेन्सर पिकरिंग नावाचे रसायनशास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये वोबर्न इथल्या फळबागेत प्रयोग करत होते. फळझाडांवरच्या किडीसाठी रॉकेलच्या जातीचं तेल फवारायचं, तर ते पाण्यात मिसळायला हवं. साबणानं मिसळत होतं, पण पिकरिंगना दिसलं की साबणाची गरजच नाही. मोरचूद आणि चुना एकत्र केल्यावर जो निळसर गाळ बसतो, त्याचे बारीक कण तेलाच्या थेंबांभोवती कवच धरतात आणि मिश्रण टिकतं. मोरचूद आणि चुना हे ऐकून नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांच्या भुवया वर गेल्या असतील. हो, हा बुरशीवर फवारायच्या आपल्या बोर्डो मिश्रणाचाच मसाला. १९०७ साली पिकरिंगनी हे लिहून प्रसिद्ध केलं. त्याआधी १९०३ मध्ये वॉल्टर रॅम्स्डेन यांनी तीच गोष्ट नोंदवली होती, पण नाव मात्र पिकरिंगचं लागलं. घन कणांनी आवरून धरलेल्या इमल्शनला आजही पिकरिंग इमल्शन म्हणतात.

आपल्या स्वयंपाकघरात या तत्त्वाच्या जवळ जाणारी एक कृती आहे, ती म्हणजे मोहरी फेसणं. मोहरीची पूड थोड्या पाण्यात आणि तेलात घोटत राहिलं की तेल दिसेनासं होतं, रंग फिका पडतो आणि नाकाला झिणझिण्या आणणारा एकजीव फेस तयार होतो. तिथे मोहरीच्या सालीतला चिकट अंश आणि पुडीचे बारीक कण दोन्ही हातभार लावतात, त्यामुळे शुद्ध पिकरिंगचं उदाहरण म्हणून ते देता येणार नाही. पण ज्यांनी ती फेसली आहे त्यांच्या मनगटाला मुद्दा लगेच कळेल.

एक साधा कण थेंबाला इतका चिकटून का राहतो? विहिरीच्या पाण्यावर तरंगणारा नारळ आठवा. तो जेवढी जागा अडवतो, तेवढ्या जागेत पाणी आणि हवा भिडत नाहीत. तेल-पाण्याच्या सीमेवर बसलेला कण हेच करतो, आपल्या आकाराच्या चकतीएवढी महागडी सीमा पुसून टाकतो. त्याला तिथून ओढून काढायचं तर ती सीमा पुन्हा उभी करण्याचा खर्च करावा लागतो. १०० नॅनोमीटर व्यासाचा कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण आठशेव्या हिश्शाएवढा, जर अर्धा तेलात आणि अर्धा पाण्यात बसला असेल, तर त्याला उपटायला लागणारी ऊर्जा ही रेणूंच्या नेहमीच्या उष्णतेच्या धक्क्यांपेक्षा जवळपास एक लाख पट भरते. साबणाच्या रेणूच्या बाबतीत हाच आकडा फार तर काही दहांत असतो. म्हणजे कण एकदा बसला की बसला. नुसत्या उष्णतेच्या धक्क्यांनी तो हलत नाही.

मात्र अर्धा-अर्धा ही अट महत्त्वाची. कण पाण्याकडे फार झुकला तर पकड झपाट्यानं ढिली होते. कण कुणाकडे किती झुकलाय हे स्पर्शाच्या कोनानं मोजतात: अर्धा-अर्धा म्हणजे ९० अंश, पाण्याकडे झुकला की त्याहून कमी. हा कोन ९० अंशांवरून ३० अंशांवर आला तर पकड ५० पटींहून जास्त उतरते. त्यात आणखी एक गंमत आहे. कण पाण्याकडे किंचित जास्त झुकत असेल तर तेलाचे थेंब पाण्यात बनतात, तेलाकडे झुकत असेल तर उलट, पाण्याचे थेंब तेलात. थेंबाचा बाहेरचा घेर आतल्या घेरापेक्षा मोठा असतो, आणि कणाचा जास्त भाग बाहेर राहू पाहतो, म्हणून हे असं होतं. तेव्हा आपल्याला हवा असा कण जो ना पुरता पाण्याचा, ना पुरता तेलाचा.

इथे चोथा परत येतो.

सह्याद्रीतल्या कुडाच्या घरांची भिंत पाहिली असेल. उभ्या कारव्या आणि त्यांच्यावर शेणामातीचा गिलावा. झाडाच्या पेशीची भिंत बरीचशी अशीच असते. सेल्युलोजचे धागे या कारव्या, आणि त्यांच्यामधल्या फटी भरून सगळ्याला ताठ करणारा गिलावा म्हणजे लिग्निन. याशिवाय त्याचं आणखी एक काम आहे. मुळांतून शेंड्याकडे पाणी नेणाऱ्या नळ्यांचं आतून अस्तर म्हणा ना. पाणी नळीत राहावं, भिंतीत मुरू नये, यासाठी तिथे पाण्याला फारसं न जुमानणारा पदार्थ लागतो. लिग्निनच्या रेणूत बेंझिनसारख्या कड्यांची गर्दी असते, त्यांचा ओढा तेलाकडे. पण त्याच कड्यांना ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्याही लटकलेल्या असतात, आणि त्यांना पाणी आवडतं. म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा. जुन्या वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो तोही याच लिग्निनमुळे, आणि व्हॅनिलाचा कृत्रिम वास ज्या व्हॅनिलिननं येतो ते लाकडातल्या लिग्निनपासूनही बनवतात.

पण चोथ्यातून काढलेली लिग्निनची भुकटी तशीच तेल-पाण्यात टाकून चालत नाही. तिचे वेडेवाकडे गठ्ठे असतात आणि ते तळाशी बसतात. आपल्याला हवेत गुळगुळीत, एकसारखे, नॅनो मापाचे गोळे. ते बनवायची युक्ती मात्र आश्चर्य वाटावं इतकी सोपी आहे, आणि तिचं भावंड तुमच्या न्हाणीघरात आहे.

बादलीभर पाण्यात झाकणभर डेटॉल ओतलं की काय होतं? मधाच्या रंगाचं पारदर्शक औषध पाण्यात पडताक्षणी दुधासारखे ढग सोडतं. बाटलीत अल्कोहोलच्या आणि साबणाच्या सोबतीनं विरघळून राहिलेलं तेल पाण्याच्या महापुरात एकदम उघडं पडतं आणि बारीक थेंबांच्या रूपात बाहेर येतं. लिग्निनचे कण बनवण्याची सर्वात प्रचलित पद्धत हीच. ॲसिटोन म्हणजे नखांचा रंग काढायच्या पाण्यात असतं ते. तीन भाग ॲसिटोन आणि एक भाग पाणी घेऊन त्यात लिग्निन विरघळवायचं. गाळून घ्यायचं. आणि हे गडद तपकिरी द्रावण ढवळत्या पाण्यात भसकन ओतायचं. लिग्निनच्या साखळ्यांना आता पाणी नकोसं होतं. तेलाकडे ओढा असलेले भाग एकमेकांना बिलगून आत जातात, पाणी आवडणारे भाग बाहेरच्या अंगाला राहतात, आणि कमीत कमी पृष्ठभागाचा आकार म्हणून गोळा वळला जातो. काही क्षणांत द्रावणाचा रंग कोऱ्या चहावरून दुधाच्या चहावर येतो. त्यात ५० ते ३०० नॅनोमीटरचे गोळे पोहत असतात. प्रत्येकाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि महिनोन् महिने तळाशी बसत नाहीत. ॲसिटोन उडवून परत वापरता येतं. दुसरीही वाट आहे. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिग्निनच्या द्रावणाचे सूक्ष्म तुषार गरम नळीतून सोडून थेट कोरडे गोळे बनवले गेले, ३० नॅनोमीटरपासून दोन मायक्रॉनपर्यंतचे, आणि त्यांनी इमल्शनही बांधून दाखवलं. ते काम २०१६ सालचं.

मग इमल्शनचं काम उरतं ते मिक्सरचं. वरच्या वन बीएचकेएवढ्या सीमेवर १०० नॅनोमीटरचे गोळे एका थरात दाटून बसवायचे तर किती लिग्निन लागेल? मी कागदावर मांडून पाहिलं, उत्तर पाच ग्रॅमच्या आसपास येतं. पेलाभर तेलाला चमचाभर भुकटी. दहा मायक्रॉनच्या एका थेंबाच्या वाट्याला साधारण ३६ हजार गोळे. गोळे मोठे घेतले तर त्याच प्रमाणात भुकटी जास्त लागते, म्हणून बारीक मापाचा हट्ट.

हे सगळं इतकं सरळ असतं तर बाजारात आतापर्यंत लिग्निनच्या क्रीमचे डबे दिसले असते. अडचणी आहेत, आणि पहिली अडचण गोळ्यांच्या गुणातच आहे. जो ऋणभार त्यांना पाण्यात वेगवेगळं ठेवतो, तोच त्यांना तेलाच्या थेंबाजवळ जाऊ देत नाही. थेंबाचा पृष्ठभागही पाण्यात बहुधा ऋणच असतो. शिवाय बाहेरून पाणी आवडणाऱ्या गोळ्याचा स्पर्शाचा कोन ९० अंशांच्या बराच खाली असतो. मग काय करायचं? चिमूटभर मीठ घातलं तर भाराची धार बोथट होते. दुसरा उपाय अधिक देखणा आहे, गोळ्यांना कायटोसानचा हात फिरवायचा. कायटोसान म्हणजे कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचातून काढलेला पदार्थ, आणि सौम्य आम्लात त्यावर धनभार असतो. ऋण गोळ्यावर तो आपोआप चढून बसतो. आल्टोतल्याच संशोधकांनी असे कायटोसान चढवलेले गोळे वापरून तेलाच्या थेंबांभोवती टिकाऊ कवचं तयार केली. झाडाचा गिलावा आणि खेकड्याचं कवच मिळून तेलाच्या थेंबाला चिलखत! रत्नागिरीच्या बंदरावर कोळंबी सोलून टाकलेल्या सालींचे ढीग ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा भाग वाचून काही सुचावं अशी माझी इच्छा आहे.

दुसरी अडचण आम्ल आणि अल्कलीची. खूप आंबट द्रावणात गोळ्यांचा भार विझतो आणि ते गठ्ठे धरतात. खूप अल्कधर्मी द्रावणात, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या जवळपास, लिग्निन सरळ विरघळूनच जातं. तिथे कवच गेलं, इमल्शन फुटलं. पण ही खोड कामाचीही आहे. आतला माल हवा तेव्हा सोडायचा असेल, तर पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) बदलला की काम झालं.

तिसरी अडचण, जी माझ्या मते सगळ्यांत मोठी आणि लेखांतून सर्वात कमी बोलली जाणारी: रंग. लिग्निन तपकिरी आहे. कितीही बारीक करा, ते पांढरं होत नाही. लिग्निन अतिनील किरण शोषतं म्हणून ते सनस्क्रीनमध्ये घालून पाहिलंय. चीनमधल्या ग्वांगझूच्या साउथ चायना युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीत २०१५ मध्ये झालेलं काम त्यातलं गाजलेलं. किरण अडतात, त्यात शंका नाही. पण कॉफीच्या रंगाचं क्रीम दुकानात उचलून घेणारं गिऱ्हाईक शोधणं हा रसायनशास्त्राचा प्रश्न नव्हे. खाण्याच्या पदार्थांत घालायचं तर परवान्यांची वेगळी पायरी. त्यामुळे जिथे रंगाचं कुणाला काही पडलेलं नाही, तिथेच या कणांचं पहिलं बस्तान बसेल असं मला वाटतं. उदाहरणार्थ शेत. निंबोळीतला कीड आवरणारा घटक, अझाडिरॅक्टिन, उन्हात लवकर मोडतो, म्हणून तर निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा असं सांगतात. त्याचे थेंब लिग्निनच्या कवचात ठेवले तर तेच कवच इमल्शनही बांधतं आणि छत्रीही धरतं. पिकरिंगनी सुरुवात फवारणीपासून केली होती, तेव्हा ही वाट उलटी वळून मूळ गावी जाते. दुसरी जागा डांबर. रस्त्यावर नवा थर टाकण्याआधी जे पातळ काळं-तपकिरी पाणी मारतात ते डांबराचं इमल्शनच असतं. तिथे तपकिरी रंगाला कोण नाक मुरडणार?

लिग्निन आणि डांबर यांची ओळख आपल्याकडे झालेलीही आहे, जरा वेगळ्या अंगानं. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं लिग्निनपासून केलेलं जैव-डांबर वापरून नागपूर–मनसर बायपासवर महामार्गाचा तुकडा बांधला गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. तिथे लिग्निन काही डांबराच्या जागी जातं, इमल्शनचा संबंध नाही. पण किलोनं नव्हे तर टनानं लिग्निन वापरायची सवय उद्योगाला अशीच लागते.

आता एक गैरसमज. लिग्निन म्हणजे वाया जाणारा कचरा, असं या विषयावरच्या जवळपास प्रत्येक लेखात लिहिलेलं असतं. ते पुरतं खरं नाही. बल्लारपूरसारख्या कागद गिरणीत बांबू-लाकूड शिजवल्यावर जे काळं पाणी उरतं, त्याला ब्लॅक लिकर म्हणतात. त्यात लिग्निन असतं, आणि ते बॉयलरमध्ये जाळून गिरणी स्वतःची वाफ आणि वीज काढते, वर शिजवायची रसायनंही परत मिळवते. साखर कारखान्यातही बगॅसवर बॉयलर चालतो आणि उरलेली वीज विकली जाते. म्हणजे कारखान्याच्या दृष्टीनं लिग्निन हे फुकटचं सरपण आहे. ते काढून कणांसाठी द्यायचं तर तेवढी उष्णता दुसरीकडून आणावी लागेल आणि तिचा खर्च कणांच्या किमतीत चढेल. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या प्लिमथ इथे २०१३ पासून एका कागद गिरणीत ब्लॅक लिकरमधून काही लिग्निन वेगळं काढायला सुरुवात झाली. त्यामागे एक कारण व्यवहारी आहे. ज्या गिरणीत बॉयलरची क्षमताच अपुरी पडते, तिथे थोडं लिग्निन काढून घेतलं की लाकूड जास्त शिजवता येतं. अशा ठिकाणी लिग्निन देताना हात आखडत नाही.

शिवाय लिग्निन हे एकच एक नसतं. उसाचं वेगळं, सागाचं वेगळं, कागद गिरणीतून गंधकाचा वास घेऊन आलेलं वेगळं. एका पोत्याच्या भुकटीचे गोळे ८० नॅनोमीटरचे होतील, दुसऱ्याचे दीडशेचे. जो रोज हजार लिटर इमल्शन बनवणार आहे त्याच्यासाठी ही डोकेदुखी आहे.

असं इमल्शन बांधलं गेलं की नाही हे ओळखायचं कसं? बाटली रात्रभर ठेवून दिली तर सकाळी वर एक फिकट तपकिरी, दाट थर आलेला दिसतो आणि खाली पाणी. पाहणारा म्हणतो, गेलं, फुटलं. पण दुधावर मलई येते तेव्हा दूध फुटलेलं नसतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून थेंब वर गेले, इतकंच. बाटली हळूच उलटीसुलटी करायची. थर सुटतो, ढग खाली उतरतो, आणि त्यातला एक टिपूस काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर कालच्याच मापाचे थेंब दिसतात, एकमेकांना खेटून, पण वेगवेगळे.